जमखंडीची नारिंगी रेघ

जोतिबाचा डोंगर आपल्याला माहीत असतो तो चैत्र यात्रेसाठी आणि गुलालासाठी. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या सकाळी खग्रास ग्रहणाची सावली याच पट्ट्यावरून, कोकण किनाऱ्याकडून गुंटूरकडे सरकत गेली. त्या दिवशी पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल (युरेनसवाल्या हर्शेलचा नातू) दुर्बिणीला स्पेक्ट्रोस्कोप लावून बसला होता. ढग सारखे आडवे येत होते. मधल्या फटीत सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या तीन रेघा दिसल्या: लाल, नारिंगी, निळी. म्हणजे ज्वाळा तापलेल्या वायूच्या! नारिंगी रेघ त्याने सोडियमची धरली.

ती हेलियमची होती. सोडियमची जोडरेघ ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही ५८७.६ ला. फरक जेमतेम दीड-दोन नॅनोमीटर. ऑक्टोबरात लॉकियरने इंग्लंडात, ग्रहणाशिवायच, ती वेगळी ओळखली. (तो विजयदुर्गला आला १८९८ च्या ग्रहणाला, १८६८ ला नव्हे, बरं का.) पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं.

हर्शेलला नावं ठेवण्यात अर्थ नाही. हातात काही मिनिटं, त्यात ढग. पण मुद्दा आजही तोच आहे: रेघ दिसणं वेगळं, तिची जागा नक्की सांगणं वेगळं.

फिक्या ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभरच येतो. मग तासभर एक्स्पोजर. तेवढ्या वेळात दुर्बीण फिरते, तिला लटकलेला जड स्पेक्ट्रोग्राफ किंचित वाकतो आणि रेघा सरकतात. यावर उपाय म्हणजे फायबर. मोगाच्या नरिंदरसिंग कपानींनी १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं. १९८० च्या सुमारास अ‍ॅरिझोनात ताऱ्यांचा प्रकाश फायबरने स्पेक्ट्रोग्राफपर्यंत नेला गेला. १९९५ मध्ये ५१ पेगासीचा ग्रह सापडला तोही फायबरवाल्या स्पेक्ट्रोग्राफनेच. आता हौशी लोकांकडेही अशी यंत्रं आहेत. दुर्बिणीवर फक्त फायबरचं टोक आणि ताऱ्यावर नजर ठेवणारा कॅमेरा. स्पेक्ट्रोग्राफ खाली खोक्यात, एका तापमानाला गप्प बसलेला.

फुकट काहीच नसतं. फायबरचा गाभा असतो ५० मायक्रॉन, केसाएवढा बारीक. तारा जरा हलला की प्रकाश बाहेर सांडतो. आत गेलेला झोतही दुसऱ्या टोकाला थोडा फाकून निघतो. पण शहराच्या उजेडातलं आकाशही तेवढंच इवलंसं आत शिरतं. कोल्हापूरचे दिवे दिसणाऱ्या डोंगरावर हे फारच कामाचं.

हौशींनी टिपलेले Be ताऱ्यांचे वर्णपट आज व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ वापरतात. त्यांच्याकडे मोठ्या दुर्बिणी आहेत, पण एकाच ताऱ्यासाठी रोजची रात्र नाही. ती आपल्याकडे आहे. पावसाळा सोडून :)