बेबी ऑस्टिनची दौड

मोटारींच्या शर्यतीचें नांव निघालें म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर लक्षाधीशांचे पुत्र, अवाढव्य यंत्रें आणि नामांकित कारखाने उभे राहतात. माझा आजचा विषय निराळा आहे. दुसऱ्यातिसऱ्या हातची एखादी जुनी लहान मोटार घ्यावी, रात्रीं घरामागच्या शेडमध्यें तिच्यांत आपल्या हातानें सुधारणा कराव्या, आणि सुटीच्या दिवशीं बंदिस्त धांवपट्टीवर नेऊन ती मनसोक्त पळवावी, असा एक छंद गेल्या शतकांत इंग्लंडांतील मध्यमवर्गीयांत रुजला. तो अद्याप जिवंत आहे. अशा दिवसाला तेथें आतां ‘ट्रॅक डे’ म्हणतात. या छंदाचा इतिहास बव्हंशीं एकाच मोटारीच्या इतिहासांत सामावलेला आहे. तिचें नांव ऑस्टिन सेव्हन. आपल्याकडील जुनीं माणसें तिला ‘बेबी ऑस्टिन’ म्हणत.

आधीं धांवपट्टीचें पाहूं. ब्रिटनमध्यें १९०३ च्या कायद्यानें सार्वजनिक रस्त्यांवरील मोटारींना ताशीं वीस मैलांची मर्यादा घातली होती. फ्रान्समध्यें हमरस्त्यांवर शर्यती होत असतां इंग्रज कारखानदाराला आपली गाडी किती पळते हें अजमावण्यापुरतीही जागा नव्हती. तेव्हां ह्यू लॉक किंग नांवाच्या जमीनदारानें सरे परगण्यांत वेब्रिजजवळ, आपल्याच जमिनीवर, पदरच्या पैशानें काँक्रीटचा एक प्रचंड गोलाकार मार्ग बांधला. त्याची लांबी सुमारें पावणेतीन मैल होती, आणि वळणावरचा बाहेरचा कांठ जवळजवळ तीस फूट उंच होता. हें ब्रुकलँड्स १९०७ च्या जूनमध्यें उघडलें. मुद्दाम मोटारींसाठीं उतरत्या कडांची अशी धांवपट्टी जगांत पूर्वीं कोणी बांधली नव्हती. त्याच महिन्यांत सेल्विन एज यानें तेथें आपली नेपियर मोटार चोवीस तास चालवून दीड हजारांहून अधिक मैल तोडले. शेजारपाजारच्या लोकांची अर्थातच झोप उडाली. तक्रारी झाल्या, आणि रात्रीं मोटार पळविण्यास बंदी आली. पुढें १९२९ सालीं चोवीस तासांची शर्यत घ्यावयाची ठरली तेव्हां तिचे बारा-बारा तासांचे दोन तुकडे करून ती दोन दिवसांत घ्यावी लागली! शर्यत नसेल त्या दिवशीं ठराविक फी भरून सामान्य मोटारवाल्यालाही तेथें आपली गाडी पळवितां येई. आजच्या ट्रॅक डेचें मूळ मला तेथें दिसतें.

आतां मोटारीकडे वळूं. पहिल्या महायुद्धानंतर हर्बर्ट ऑस्टिन याचा बर्मिंगहॅमजवळील लाँगब्रिजचा कारखाना डबघाईस आला आणि १९२१ मध्यें धनकोंच्या वतीनें नेमलेल्या व्यवस्थापकाच्या ताब्यांत गेला. त्याच वर्षापासून मोटारीवर दर अश्वशक्तीस एक पौंड असा कर बसूं लागला होता. लहान इंजिनाची मोटार काढली तरच आपण तरूं, असें ऑस्टिनचें मत; त्याच्या संचालकांना तें पटेना. तेव्हां या हट्टी गृहस्थानें नकाशे काढणाऱ्या स्टॅन्ले एज नांवाच्या अठरा वर्षांच्या मुलाला घरीं बोलाविलें, आणि घरांतील बिलियर्डच्या खोलींत बसून मोटारीचे आराखडे तयार करविले. (हा एज निराळा, मघांच्या शर्यतवाल्या एजशीं त्याची गल्लत करूं नये.) १९२२ सालीं मोटार बाहेर पडली. तिच्या इंजिनाला चार सिलिंडर होते, त्यांचें एकंदर आकारमान लौकरच ७४७ घन सेंटिमीटर झालें, आणि शक्ति म्हणावी तर जेमतेम दहा घोड्यांची. पुढच्या व मागच्या चाकांत अंतर सव्वासहा फूट. मोटारसायकलच्या बाजूगाडींत बायकामुलांना कोंबून हिंडणाऱ्या कारकुनाला ही पहिली खरीखुरी मोटार परवडली. १९३९ पर्यंत अशा सुमारें २,९०,००० मोटारी निघाल्या.

ही कुटुंबवत्सल गाडी शर्यतीला कशी लागली? जन्मतःच लागली, असें म्हणावयास हरकत नाहीं. १९२३ सालीं ऑस्टिनचा जांवई आर्थर वेट यानें इटलींत मोंझा येथें लहान गाड्यांची शर्यत तिच्यावर जिंकली. १९३० सालीं ब्रुकलँड्सच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत एस. सी. एच. डेव्हिस आणि अर्ल ऑफ मार्च या जोडीनें ताशीं ८३ मैलांहून अधिक सरासरी राखून पहिला क्रमांक पटकाविला. त्या गाडीला इंजिनांत हवा कोंबणारा सुपरचार्जर होता, आणि लहान गाड्यांना आरंभीं सवलत मिळे, हें खरें. परंतु दहा घोड्यांच्या मोटारीचें हें भावंड होतें हेंही तितकेंच खरें.

दुसऱ्या महायुद्धानें सारें चित्र पालटलें. १९३९ च्या ऑगस्टमध्यें ब्रुकलँड्सची शेवटची शर्यत झाली. तेथें विमानांचें काम वाढलें, काँक्रीट जागोजाग फोडलें गेलें, आणि १९४६ मध्यें ती जागा विमानांच्या कारखान्याला विकली गेली. युद्धानंतरच्या इंग्लंडांत नव्या मोटारी परदेशीं जात, पेट्रोलचें रेशनिंग १९५० च्या मे महिन्यापर्यंत चाललें, आणि तरुणांच्या खिशांत पैसे नव्हते. मात्र दोन गोष्टी मुबलक होत्या. एक म्हणजे वायुदलानें सोडलेले ओसाड विमानतळ. सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड येथील शर्यती १९४८ मध्यें सुरू झाल्या त्या अशाच तळांवर. दुसरी म्हणजे गल्लोगल्लीं गंजत पडलेल्या ऑस्टिन सेव्हन. १९३९ सालीं बिल बॉडी या लेखकानें तिच्या भक्तांचा ‘७५० क्लब’ काढलाच होता. युद्धानंतर हॉलंड बर्केट नांवाच्या गुरांच्या डॉक्टरानें त्यांत प्राण ओतला. १९४९ पासून क्लबनें शर्यतीचे जे नियम केले त्यांचें मर्म असें, कीं सांगाडा, इंजिन वगैरे मुख्य भाग ऑस्टिन सेव्हनचेच असावे. वरचा साज ज्यानें त्यानें आपल्या कुवतीप्रमाणें चढवावा. अशा घरगुती मोटारीला ‘स्पेशल’ म्हणत. धनवंताच्या थैलीला येथें फारसा वाव नव्हता.

स्पेशल बनविणें म्हणजे काय, हें जरा सविस्तर सांगितलें पाहिजे. सामान्य मोटारीचें वरचें धड उतरविलें कीं खालीं इंग्रजी ए अक्षरासारखा एक हलका सांगाडा उरतो. त्यावर पत्र्याचें किंवा प्लायवूडचें दोन माणसांपुरतें निमुळतें खोकें बसवावयाचें. वजन घटलें म्हणजे तेंच इंजिन अधिक पळवितें. मग इंजिन. सिलिंडरवरचें झांकण थोडें तासून दाब वाढवावयाचा, हवा आंत येण्याच्या वाटा घांसून गुळगुळीत करावयाच्या, व्हाल्व्हच्या स्प्रिंगा कडक घालावयाच्या, जड फ्लायव्हील कातून हलकें करावयाचें. अधीर माणूस एवढें करून सरळ धांवपट्टीवर जाई, आणि येथेंच त्याची गांठ मोटारीच्या खऱ्या स्वभावाशीं पडे.

कारण १९३६ पर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्ट दोनच बेअरिंगांवर तोललेला असे. एक पुढें, एक मागें, मध्यें आधार नाहीं. माजघरांत टांगलेल्या वाळवणाच्या काठीवर मधोमध ओलें लुगडें टाकलें म्हणजे ती जशी लवते, तसा हा दांडा वेग वाढतांच मध्यें लवे. वारंवार लवतां लवतां एके दिवशीं मोडे. तेल देण्याची रीतही अशीच भोळसट. दोन बारीक नळ्यांतून तेलाची पिचकारी फिरत्या क्रँकच्या खोबणींत उडावयाची, आणि फिरण्याच्या जोरानें तें पुढें बेअरिंगापर्यंत पोंचावयाचें. नळीच्या तोंडाशीं कचऱ्याचा कण अडकला तर बेअरिंग कोरडें पडलेंच. चालकाला सूचना म्हणून समोरच्या फळीवर एक लहानशी गुंडी असे. ती बाहेर आली म्हणजे तेलाला दाब आहे. आंत बसली कीं इंजिन तात्काळ बंद करावें. ब्रेकांविषयीं तर काय सांगावें! ते तारांनीं ओढले जात, आणि १९३० पर्यंत पायाचा ब्रेक मागच्या चाकांना व हाताचा पुढच्या चाकांना, अशी वांटणी होती. अशा गाडीचा वेग नुसता वाढविणें म्हणजे बैलगाडीला घोडे जुंपण्यासारखें होतें.

म्हणून जाणते लोक क्रम उलटा धरीत. प्रथम ब्रेक, मग कमानी व सुकाणू, मग तेल, आणि शेवटीं शक्ति. ब्रेकांच्या तारा नव्या घालून चारी चाकें सारखीं ओढतील असें जुळवावयाचें. पुढें पुष्कळांनीं हायड्रॉलिक ब्रेक बसविले. पुढची आडवी कमान चपटी करून गाडी बुटकी करावयाची. लेस्ली बॅलॅमी यानें तर पुढचा आंस मधोमध तोडून दोन्ही चाकें स्वतंत्रपणें हलतील अशी युक्ति प्रचारांत आणली. आणि एकदां मोटार बनली म्हणजे संपलें असें नाहीं. झांकण उघडून काजळी खरवडणें, व्हाल्व्ह लेप लावून हातानें घांसून बसविणें, झांकणाच्या चाक्या मधून बाहेर अशा क्रमानें हप्त्याहप्त्यानें आवळणें, तेलाच्या नळ्या तार घालून साफ करणें, चाकांच्या आऱ्या एकेक वाजवून पाहणें, हें प्रत्येक दौडीच्या आगेंमागें चालूच. माझ्या हातांत हयातभर खडू होता, पाना नव्हे. तरी हे बारकावे वाचतांना मला गृहपाठ तपासल्याचें समाधान मिळतें.

या शाळेंतून विद्यार्थी मात्र अलौकिक निघाले. अलेक इसिगोनिस यानें आपला मित्र जॉर्ज डाउसन याच्यासह ऑस्टिन सेव्हनपासून आरंभ करून वर्षानुवर्षें खपून एक हलकी शर्यतगाडी बनविली आणि तिच्यांत रबराच्या कमानींचा प्रयोग केला. त्याच्याच कल्पनेंतून १९५९ सालीं जगप्रसिद्ध मिनी निघाली, आणि तिलाही रबराच्या कमानी होत्या. न्यूझीलंडमध्यें गॅरेजवाल्याचा मुलगा ब्रूस मॅकलारेन याची पहिली शर्यतगाडी ऑस्टिन सेव्हनच.

कॉलिन चॅपमन हा लंडन विद्यापीठांतील विद्यार्थी. १९४८ मध्यें त्यानें प्रेयसीच्या वडिलांच्या घरामागील गॅरेजांत जुन्या ऑस्टिनवर आपली पहिली लोटस बांधली. ऑस्टिनच्या इंजिनांत हवा घेण्याची एकेक वाट दोन-दोन सिलिंडरांत सामाईक असे, आणि शेजारचे सिलिंडर एकमेकांचा घांस हिरावीत. १९५१ च्या मोसमासाठीं चॅपमननें त्या वाटांतच पातळ पडदे घालून चार वाटा केल्या. सांगाडा तोच, इंजिन तेंच. नियमाचें एक अक्षरही मोडलें नाहीं. त्या मोसमांत त्याच्यापुढें कोणाचाच टिकाव लागेना, तेव्हां क्लबला ती युक्ति वर्ज्य ठरवावी लागली. हुशार मुलासाठीं परीक्षेचे नियम बदलावे लागल्याचीं उदाहरणें थोडीं.

एक विद्यार्थी लेखणीचा निघाला. जॉन हेन्स हा सटन व्हॅलन्स येथील शाळेंत असतांना रग्बी खेळण्याची माफी मागून घेऊन स्पेशल बांधीत बसे. १९५६ मध्यें त्यानें आपला सारा अनुभव एका पुस्तिकेंत लिहून छापला. तिच्या अडीचशें प्रती दहा दिवसांत खपल्या. पुढें घरोघरच्या मोटारवाल्यांना आपली गाडी उकलून परत जुळविण्यास शिकविणारीं हेन्सचीं मार्गदर्शक पुस्तकें निघालीं, त्यांचें बीज हें होतें. खेळाच्या तासाची सूट देणारा तो शाळाधिकारी कोण असेल त्याला माझा नमस्कार.

आतां या कथेची दुसरी बाजू. प्रत्येक स्पेशलमागें एका धडधाकट, निदान दुरुस्त होण्याजोग्या, घरगुती मोटारीचें धड भंगारांत गेलें. बंद छपराच्या हजारों ऑस्टिन कुऱ्हाडीखालीं गेल्या. आजही जुन्या मोटारींच्या जगांत यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, कारखान्यांतून निघाली तशीच मोटार राखणें हेंच जतन. दुसरा म्हणतो, चालत्या मोटारीला मूळ स्वरूप असें नसतेंच. मला दोन्ही बाजू अर्ध्याअर्ध्या पटतात. १९६० मध्यें दहा वर्षांवरील मोटारींची सरकारी तपासणी सक्तीची झाली; सडलेल्या तळाच्या आणि लुळ्या ब्रेकांच्या गाड्या तींत टिकण्यासारख्या नव्हत्या. तोपर्यंत कोणा पोरानें जिचे ब्रेक नीट केले होते ती तरी वांचण्याची आशा होती. शिवाय १९५२ सालीं कोणी बांधलेली स्पेशल आतां स्वतःच सत्तरी ओलांडून गेली आहे. तिचा ओबडधोबड पत्रा हाच आतां त्या टंचाईच्या काळाचा दस्तऐवज झाला आहे. तो काढून ‘मूळ’ धड चढविणें म्हणजे बखरींतील मधलीं पानें फाडण्यासारखें होय. परंतु आज एखादी अखंड बंद मोटार हातीं आली असतां ती मोडून शर्यतगाडीची नक्कल करणाऱ्याला मात्र ही सबब मिळणार नाहीं. त्या काळीं पोरांजवळ दुसरें कांहीं नव्हतें. आज नव्यानें ओतलेले, कातलेले सुटे भाग मिळतात, आणि क्रँकशाफ्टही जुन्याहून पुष्कळ मजबूत मिळतो.

आज अशी गाडी ट्रॅक डेला जाते तेव्हां शर्यत नसते, वेळ मोजली जात नाहीं, आणि मागच्यानें पुढें केव्हां जावें याचे नियम सकाळींच समजावून सांगतात. डोक्यावर शिरस्त्राण सक्तीचें. प्रवेशापूर्वीं यंत्र लावून आवाज मोजतात. मर्यादेपलीकडे गेला तर गाडी परत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत ब्रुकलँड्सवर शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळें मोठे सायलेन्सर सक्तीचे झाले होते, तोच हा तंटा. मग मालक इंजिन सुरू करून तें निवांत तापूं देतो, दोन फेऱ्या सावकाश घेतो, परत येऊन चाकांच्या तुंब्यांना हात लावून पाहतो, आणि ज्या गाडीला अद्याप ती गुंडी असेल तिची गुंडी बाहेर आहे ना, हें पाहून मगच पुन्हां निघतो.