सरकायचे, थांबायचे, पुन्हा सरकायचे

२६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाची आदली संध्याकाळ. हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही फिल्मवर चालणारा एक जुना एसएलआर कॅमेरा घेऊन बसलो होतो. त्याच्या तळाला मोटार ड्राइव्ह जोडलेला होता. बटण दाबून धरले की मोटार फिल्म ओढत राहते आणि सेकंदाला तीन फोटो निघतात. रिकाम्या कॅमेऱ्यात मोटार छान चालली. फिल्म भरली आणि दुसऱ्या फोटोनंतर ती घरघरून बंद पडली.

मोटार नुसती फिरवणे सोपे असते. पण इथे फिल्म सरकली पाहिजे, फोटो घेताना अगदी स्थिर राहिली पाहिजे आणि लगेच पुन्हा सरकली पाहिजे. ही अडचण फार जुनी आहे, आणि तिच्या इतिहासाचा एक धागा याच भागातून जातो.

वर्गातला महाराष्ट्राचा नकाशा घ्या. सोलापूर जिल्ह्यातले जेऊर आणि वर्धा जिल्ह्यातले पुलगाव ही दोन गावे पट्टीने जोडा. रेघ हिंगोलीच्या अगदी जवळून जाते. २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी चंद्राची सावली साधारण याच रेघेने धावत गेली. कोकणात विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते. (लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्गावर हेलियम शोधला असे पुष्कळदा सांगितले जाते. त्या वर्षी ते भारतात नव्हतेच; विजयदुर्गाला ते आले १८९८ मध्ये.) जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचे तळ पडले होते. जेऊर आणि पुलगाव दोन्ही रेल्वेवर होती, जडजड पेट्या तिथवर नेता येत. निजामाच्या राज्यातल्या हिंगोलीला रेल्वे विसाव्या शतकात आली.

खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्या काळी प्रत्येक फोटोला काचेची वेगळी प्लेट लागे. झाकण लावायचे, एक प्लेट काढायची, दुसरी बसवायची, नळीची थरथर थांबू द्यायची, मग झाकण उघडायचे. एवढ्यात कितीतरी सेकंद जात. आणि कॅम्पबेल यांना जे हवे होते ते तर सेकंदासेकंदाला बदलणारे होते. सूर्यबिंब पूर्ण झाकले जाते त्या क्षणी वर्णपटातल्या काळ्या रेषा एकदम उजळ होतात आणि थोड्याच वेळात विझतात. हा प्रकाश बिंबालगतच्या वायूच्या पातळ थरातून येतो. कॅम्पबेल यांनी प्लेट थांबवायचीच नाही असे ठरवले. वर्णपटाचा अरुंद पट्टा तेवढा आत येईल अशी फट ठेवली आणि तिच्यामागून प्लेट संथपणे सरकवत नेली. त्यामुळे रेषेची लांबी म्हणजेच तिचा काळ झाला. जी रेषा प्लेटवर लांब उमटली, तिचा वायू जास्त उंचीपर्यंत पसरलेला! लिक वेधशाळेने १८९८ पासूनच्या ग्रहणांत जमवलेल्या अशा प्लेटांवरून डोनाल्ड मेंझेल यांनी त्या थराचा जो अभ्यास केला, तो १९३१ साली प्रसिद्ध झाला.

ही युक्ती वर्णपटाला चालते. सूर्याचा साधा फोटो मात्र सरकत्या प्लेटवर फासला जाईल. तिथे थांबणे आलेच. त्याचे उत्तर फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांच्याकडे १८७४ मध्ये तयार होते. १८६८ चे ग्रहण यांनीच गुंटूरहून पाहिले होते. जपानमधून शुक्राचे अधिक्रमण टिपण्यासाठी त्यांनी ‘रिव्हॉल्व्हर’ वापरला : घड्याळी यंत्रावर फिरणारी गोल प्लेट, ७२ सेकंदांत ४८ चित्रे. त्यात खाचा असलेले क्रूसाच्या आकाराचे चाक होते. शेजारच्या चाकावरची खुंटी दर फेरीला एकदाच खाचेत शिरते, क्रूसाला एक घर पुढे ढकलते आणि बाहेर पडते. उरलेला वेळ क्रूस जागच्या जागी अडकून राहतो. पुठ्ठ्याचे असे चाक मुलांकडून जरूर करून घ्यावे. तासभराचे काम आहे. पुढे सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये हेच चाक आले.

१८९८ च्या त्याच सावलीत बिहारमधील बक्सरला नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराने ग्रहणाचे चलच्चित्र घेतले. परतीच्या प्रवासात ती फिल्म चोरीला गेली. १९०० साली अमेरिकेत त्याने पुन्हा घेतलेली फिल्म मात्र टिकली.

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. तो हाताने फिरवायचा. मोटार म्हणजे माणसाचा दंड, आणि गती मनातल्या मनात मोजायची, सेकंदाला साधारण सोळा चित्रे. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली. रोज एक चित्र घेतले, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. हिशेब करून पाहा : महिन्याची तीस चित्रे दोन सेकंदांत संपतील. मिनिटभराच्या चित्रपटाला ९६० चित्रे हवीत. रोप उगवत असताना रोज तीसेक वेळा कॅमेऱ्यापाशी जाणे, ही फाळक्यांची चिकाटी अधिक खरी वाटते.

सिनेमाच्या फिल्मवर एका चित्रामागे चार छिद्रे सरकतात, ३५ मिमी एसएलआरमध्ये आठ, म्हणजे ३८ मिमी. १९५९ च्या निकॉन एफ या कॅमेऱ्याला विजेवर चालणारी मोटार जोडता येऊ लागली आणि एसएलआरमध्ये ही सोय रुळली. इथे काम जास्त नाजूक. आरसा वर जातो, शटर उघडून मिटते, आरसा खाली येतो. मगच मोटारीने ओढायचे आणि आठ छिद्रांवर थांबायचे. केव्हा ओढायचे आणि केव्हा थांबायचे, ते विजेच्या संपर्कपट्ट्या ठरवतात. त्यांवर काजळी धरली की मोटार तरी चालत नाही, नाहीतर थांबत नाही.

आम्ही प्रथम मोटार काढली आणि अंगठ्याने फिल्म ओढून पाहिली. ती सहज सरकली. म्हणजे कॅमेरा ठीक, रीळ ठीक. मग सेल पाहिले. दीड व्होल्टचे आठ, एकसरी. व्होल्टमीटरने सुमारे १२ व्होल्ट दाखवले आणि आम्ही फसलो! मोटार चालू ठेवून पुन्हा मोजले तेव्हा दाब धाडकन उतरला. एक सेल गळला होता, टोकावर पांढरा थर होता. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. मोटार रिकामी फिरताना प्रवाह थोडा लागतो, तेव्हा हे लपून राहते. फिल्मचा ओढा पडला की प्रवाह वाढतो आणि बराचसा दाब सेलच्या आतच खर्ची पडतो. डिसेंबरच्या थंडीत घट्ट झालेल्या जुन्या ग्रीसने त्यात भर घातली असणार. अल्कलाइन सेलमधला अल्कली बाहेर येऊन असा थर होतो. कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन टोके पुसली, ओल्या बोळ्याने पुन्हा पुसली, वाळू दिली. आठही सेल एकदम बदलले. एकच नवा घालून भागत नाही.

मोटार सुरू झाली. तेवढ्यात आमच्यातल्या गणिताच्या बाईंनी विचारले, “सर, छत्तीस फोटो, सेकंदाला तीन. बारा सेकंदांत रीळ संपल्यावर काय करणार?”

सकाळी ग्रहण आठनंतर लागून अकराच्या सुमारास सुटणार होते. आम्ही मोटार कपाटात ठेवली, भिंगापुढे सौर फिल्टर बसवला आणि दर पाच मिनिटांनी एक फोटो, असे अंगठ्याने ओढायचे ठरवले. छत्तीस फोटो, तीन तास.