केडगावचे खिळे

चाळीस वर्षं मी मुद्रितं तपासली, शिशाचे खिळे होते तेव्हापासून. त्यामुळे रविवारच्या उपासनेनंतर कुणी पंडिता रमाबाईंना ‘श्रद्धेचा पर्वत’ म्हणू लागलं, की मला पर्वत दिसत नाही. दिसतो केडगावचा छापखाना, आणि छापून आलेल्या फर्म्यावर वाकलेली, कानांनी कमी ऐकणारी एक बाई.

वाकणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला त्यांनी लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला आणि लगेच वादाला तोंड फुटलं. त्रैक्याचा सिद्धान्त मला शास्त्रात सापडत नाही, मग मानू कसा? सिस्टर जेराल्डिन ही त्यांची धर्ममाता. तिला हा गर्व वाटला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही बाई चिडल्या. एका पुरोहितशाहीचं जोखड आत्ताच कुठे उतरवलंय, दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांवरूनही खटका उडाला. ती परकी, त्यांना संस्कृत हवं होतं. जेवणात मांस नाही, अंडंही नाही. हा तुझा जातीचा अहंकार, असं जेराल्डिनचं म्हणणं. त्यावर रमाबाईंनी मान्य केलं की जातीचे काही संस्कार अजून आपल्याला सुटलेले नाहीत. अंडं मात्र खाल्लं नाही.

तरुणपणी या दोघींचा पत्रव्यवहार वाचताना मी सगळी रमाबाईंच्या बाजूने होते. आता जेराल्डिनचीही कीव येते. माया होती तिची, पण हुकुमाच्या सुरातली. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचीही तशीच असायची.

पुढची गोष्ट मला जास्त अवघड वाटते. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई म्हणतात, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. बिशपांशी भांडलेल्या बाईने हे छापून टाकावं! आणि तरी त्यात बिशपांची माफी नाही. त्या चूक कबूल करतात ती देवापाशी.

त्याच सुमारास त्यांनी बायबलचं भाषांतर हाती घेतलं होतं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला संस्कृतसाठी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ केलं, ती बाई आता संस्कृत शब्द वेचून बाहेर काढत होती. वेदान्ताचा वास येणारे शब्द तिला नको होते, खेड्यातल्या बाईला कळतील ते हवे होते. वेदान्ताबद्दलचा हा सोवळेपणा मला पटत नाही. त्यात थोडा जुना हट्ट आहेच. पण खिळे जुळवणाऱ्या होत्या केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनातल्या बायका-मुली, दुष्काळातून आणलेल्या आणि तिथेच अक्षरओळख झालेल्या. वाचणाऱ्याही त्यांच्यासारख्याच असणार. त्यांना अडलेला शब्द पंडितेच्या कितीही लाडका असला तरी काय उपयोग?

मुद्रितशोधकाला एक खोड लागते: मुळावर बोट ठेवायचं आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. मी दुसऱ्यांची पुस्तकं तशी तपासली. स्वतःचं वाक्य त्याच निष्ठुरपणे खोडणं मला कधी जमलं नाही.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल बाहेर पडलं १९२४ मध्ये.

आमच्या मंडळीत व्यासपीठावर बायबल सोसायटीची प्रत असते. रमाबाईंची भाषा कानाला रांगडी लागते म्हणतात. माझ्या आजीकडे त्यांचा नवा करार होता, पाठीला कापड चिकटवलेला. ती बोटाने ओळ धरून वाचायची आणि अडली तर माझ्याकडे बघायची. फारशी अडायची नाही.