ली-एनफिल्ड रायफल

ली-एनफिल्ड (भारतातील रूढ नाव : थ्री नॉट थ्री) ही ब्रिटिश बनावटीची, हाताने बोल्ट मागे-पुढे सरकवून चालवायची रायफल आहे. १८९५ साली ती ब्रिटिश सैन्यात दाखल झाली आणि १९५७ मध्ये स्वयंभरणी रायफल येईपर्यंत ब्रिटिश पायदळाचे मुख्य शस्त्र राहिली. ब्रिटिश साम्राज्यातील व नंतर राष्ट्रकुलातील अनेक देशांच्या सैन्यांनी ती वापरली. सर्व प्रकार मिळून तिचे सुमारे १ कोटी ७० लाख नग तयार झाले, असा अंदाज दिला जातो. जलद मारा, दहा काडतुसांची साठवण आणि चिखल, धूळ व थंडी यांतही चालत राहण्याचा गुण यांमुळे ती सैनिकांच्या विशेष पसंतीची ठरली. मात्र याच विश्वासामुळे काही ठिकाणी ती कालबाह्य झाल्यावरही दीर्घकाळ वापरात राहिली. १९६२ चे भारत-चीन युद्ध आणि २००८ चा मुंबईवरील दहशतवादी हल्ला या दोन्ही प्रसंगी ही बाब ठळकपणे समोर आली.

नाव व पूर्वपीठिका

रायफलच्या नावातील ‘ली’ हा शब्द जेम्स पॅरिस ली (१८३१–१९०४) यांच्या आडनावावरून आला आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या ली यांनी या रायफलचा बोल्ट व सुटे करता येणारे मॅगझीन यांची मूळ रचना केली. ‘एनफिल्ड’ हे लंडनजवळील शाही शस्त्रनिर्मिती कारखान्याच्या ठिकाणाचे नाव आहे.

१८८८ साली स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड या आधीच्या रायफलमध्ये नळीच्या आतील पेचदार खाचा उथळ व गोलसर होत्या. पुढे काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट ही धूरविरहित दारू वापरात आली. तिच्या उष्णतेने या खाचा लवकर झिजू लागल्या. म्हणून एनफिल्ड येथे अधिक खोल व कोनदार अशा पाच खाचांची नळी तयार करण्यात आली. ली यांची यंत्रणा आणि ही नवी नळी यांच्या संयोगातून ली-एनफिल्ड जन्माला आली.

भारतीय वाचकांच्या दृष्टीने येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. १८५७ च्या उठावात चरबी लावलेल्या काडतुसांमुळे गाजलेली एनफिल्ड रायफल ही १८५३ च्या नमुन्याची, नळीच्या तोंडातून ठासून भरायची रायफल होती. एकाच कारखान्याचे नाव असले, तरी रचनेच्या दृष्टीने तिचा ली-एनफिल्डशी संबंध नाही.

‘थ्री नॉट थ्री’ हे नाव ०.३०३ इंच (सुमारे ७.७ मिलिमीटर) या नळीच्या अंतर्व्यासावरून पडले. महाराष्ट्रात पोलीस, गृहरक्षक दल व राष्ट्रीय छात्रसेना यांच्या बोलण्यात हेच नाव रुळले.

रचना

रायफलच्या उजव्या बाजूची बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते. ती पुढे ढकलून खाली दाबली की मॅगझीनमधील पुढचे काडतूस नळीत जाते व रायफल पुन्हा मारा करण्यास सज्ज होते. ली-एनफिल्डमध्ये मूठ सुमारे ६० अंशांत फिरते, तर समकालीन जर्मन माउझर रायफलमध्ये ती सुमारे ९० अंशांत फिरवावी लागते. ली-एनफिल्डची मूठ चापाजवळ असल्याने सराव झालेल्या सैनिकाला रायफल खांद्यावरून न काढता व नेम न मोडता बोल्ट चालवता येतो. शिवाय आघात करणारी स्प्रिंग बोल्ट पुढे नेताना ताणली जाते, त्यामुळे काडतूस बाहेर काढताना अधिक जोर लागत नाही.

मॅगझीनमध्ये दहा काडतुसे मावतात. पाच काडतुसांची पत्र्याची पट्टी (चार्जर) वरून खोचून व अंगठ्याने दाबून ती भरली जातात. त्या काळातील बहुतेक सैन्यांच्या रायफलींत पाचच काडतुसे मावत असत.

१९०७ च्या नमुन्याची लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर, नळीची लांबी सुमारे ६४ सेंटिमीटर व वजन सुमारे ४ किलोग्रॅम आहे. १९१० पासून वापरात आलेल्या टोकदार गोळीचे वजन सुमारे ११.३ ग्रॅम असून ती नळीतून सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने बाहेर पडते.

या रचनेत काही उणिवाही आहेत. बोल्ट मागील बाजूस अडकत असल्याने ती माउझरइतकी भक्कम मानली जात नाही. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असल्याने मॅगझीन भरताना काडतुसे योग्य क्रमाने बसवावी लागतात. वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे गेली, तर ती एकमेकांत अडकतात.

प्रमुख प्रकार

मूळ लांब रायफल : १८९५ पासून. लांबी सुमारे १२६ सेंटिमीटर. घोडदळासाठी याच रायफलची आखूड आवृत्ती वेगळी बनवली जात असे.

आखूड नमुना : १९०४ पासून. पायदळ व घोडदळ या दोघांसाठी एकच रायफल असावी, या विचाराने हा नमुना तयार झाला. १९०७ चा ‘मार्क ३’ हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार होय. १९१६ मध्ये उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी त्यातील काही भाग वगळण्यात आले.

नंबर ४ : दुसऱ्या महायुद्धातील प्रमुख प्रकार. नळी अधिक जाड असून नेम धरण्यासाठी मागे डोळ्याजवळ छिद्र असलेली पट्टी बसवली आहे. ब्रिटनखेरीज कॅनडा व अमेरिकेतही याचे उत्पादन झाले.

नंबर ५ : १९४४ पासून. ‘जंगल कार्बाइन’ या नावाने परिचित असलेली हलकी व आखूड रायफल. तिचा धक्का जोराचा होता आणि नेम स्थिर राहत नसल्याच्या तक्रारी होत्या. त्यामुळे तिचे उत्पादन १९४७ मध्ये थांबले.

सैनिकांची पसंती

पहिल्या महायुद्धापूर्वी ही रायफल बदलण्याचा ब्रिटिश लष्कराचा विचार होता आणि माउझरच्या धर्तीवर नव्या रायफलच्या चाचण्याही सुरू झाल्या होत्या. १९१४ मध्ये युद्धाला तोंड फुटल्याने ही योजना मागे पडली. प्रत्यक्ष खंदकांतील अनुभवाने मात्र जुन्या रायफलचीच बाजू बळकट केली. चिखलाने भरलेल्या खंदकात नेमबाजीच्या मैदानावरील सूक्ष्म अचूकतेपेक्षा बोल्ट अडकून न बसणे अधिक महत्त्वाचे होते. ली-एनफिल्डचे भाग परस्परांत फार घट्ट बसत नसल्याने थोडी घाण आत गेली, तरी ती चालत राहत असे.

प्रशिक्षण हे या पसंतीचे दुसरे कारण होते. युद्धापूर्वीच्या ब्रिटिश पायदळात एका मिनिटात ३०० यार्डांवरील लक्ष्यावर पंधरा नेमके बार काढण्याचा सराव करून घेतला जाई. तो पुढे ‘मॅड मिनिट’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधील मोन्स येथे ब्रिटिशांचा रायफल मारा जर्मनांना मशीनगनचा वाटला, अशी कथा प्रसिद्ध आहे. तिच्या सत्यतेविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. प्रशिक्षित पायदळाच्या माऱ्याचा वेग मात्र वादातीत होता. ही कीर्ती रायफलइतकीच तिच्यामागील सरावाचीही होती.

भारतीय सैनिक व ली-एनफिल्ड

१९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्समध्ये उतरलेल्या भारतीय पलटणींना मार्सेय बंदरात नव्या नमुन्याच्या रायफली व काडतुसे देण्यात आली. त्यामुळे अपरिचित शस्त्राची पुरेशी ओळख होण्यापूर्वीच त्यांना आघाडीवर जावे लागले. मेसोपोटेमियातील मोहिमेत लढलेल्या मराठा पलटणींसह इतर भारतीय पलटणींचेही हेच प्रमुख शस्त्र होते.

दुसऱ्या महायुद्धातील एक प्रसंग या रायफलच्या संदर्भात वारंवार सांगितला जातो. मे १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील टाँगडॉ येथे ८ व्या गुरखा रायफल्सचे रायफलमन लछिमन गुरुंग यांनी खंदकावर पडलेले दोन हातबॉम्ब उचलून परत फेकले. तिसरा त्यांच्या उजव्या हातातच फुटला. त्यानंतर सुमारे चार तास ते केवळ डाव्या हाताने रायफल भरत व चालवत राहिले. उजवीकडे मूठ असलेली बोल्टची रायफल डाव्या हाताने चालवणे किती अवघड असते, हे लक्षात घेतले म्हणजे या पराक्रमाची कल्पना येते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

भारतातील उत्पादन

कोलकात्याजवळील इशापूर येथे १९०४ मध्ये रायफल कारखाना स्थापन झाला व तेथे ली-एनफिल्डचे उत्पादन सुरू झाले. ब्रिटन नंबर ४ कडे वळल्यानंतरही इशापूर येथे मार्क ३ हाच नमुना तयार होत राहिला. ०.३०३ काडतुसांशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. पुण्याजवळील खडकी येथील १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात ही काडतुसे तयार होत. त्यांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे उमटवलेली असत.

कोलकात्याजवळील डमडम शस्त्रागारात १८९० च्या दशकात ०.३०३ काडतुसासाठी उघड्या टोकाची गोळी विकसित करण्यात आली. शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या अशा गोळ्यांचा युद्धातील वापर १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने निषिद्ध ठरवला. अशा गोळ्यांना आजही ‘डमडम गोळी’ म्हणतात.

१९६० च्या दशकात इशापूर येथे याच यंत्रणेवर आधारित, परंतु ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी ‘२ ए’ व ‘२ ए १’ या रायफली तयार झाल्या. त्यांच्या मॅगझीनमध्ये बारा काडतुसे मावतात. नागरी परवानाधारकांसाठी ०.३१५ इंची रायफलही याच कारखान्यात बनवण्यात आली. लष्करी काडतुसे नागरिकांना बाळगण्यास मनाई असल्याने तिच्यासाठी निराळे काडतूस वापरले गेले.

१९६२ चे युद्ध

१९६२ मध्ये भारतीय पायदळाकडे मुख्यतः ली-एनफिल्ड रायफलीच होत्या. चिनी सैनिकांकडे मात्र अर्धस्वयंचलित व स्वयंचलित शस्त्रे होती. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे, सुमारे १६,००० फूट उंचीवर, १३ व्या कुमाऊँ पलटणीच्या चार्ली कंपनीने मेजर शैतानसिंह यांच्या नेतृत्वाखाली झुंज दिली. सुमारे १२० जणांपैकी १०० हून अधिक जण धारातीर्थी पडले. १९६३ च्या सुरुवातीस तेथे पोहोचलेल्या शोधपथकाला अनेक जवानांचे गोठलेले देह खंदकांत, हातात शस्त्रे असलेल्या स्थितीत आढळले. मेजर शैतानसिंह यांना मरणोत्तर परमवीरचक्र प्रदान करण्यात आले.

या युद्धानंतर पायदळाच्या शस्त्रास्त्रांच्या आधुनिकीकरणाला वेग आला. इशापूर येथे तयार होणाऱ्या ७.६२ मिलिमीटर स्वयंभरणी रायफलीने क्रमाक्रमाने ली-एनफिल्डची जागा घेतली.

पोलीस दलांतील वापर

सैन्यातून निवृत्त झालेल्या रायफली मोठ्या संख्येने राज्यांच्या पोलीस दलांकडे, रेल्वे पोलिसांकडे व गृहरक्षक दलाकडे आल्या. दंगलनियंत्रण, पहारा व कैद्यांची ने-आण अशा कामांसाठी त्या पुरेशा मानल्या जात.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईतील छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवाद्यांनी एके-४७ प्रकारच्या स्वयंचलित रायफलींनी हल्ला केला. त्यात ५० हून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. स्थानकावरील काही पोलिसांकडे थ्री नॉट थ्री रायफली, तर काहींकडे केवळ लाठ्या होत्या. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान झिल्लू यादव यांनी थ्री नॉट थ्री रायफलने हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना अजमल कसाबची रायफल पकडून धरली. त्यात त्यांना वीरमरण आले, परंतु कसाब जिवंत हाती लागला.

प्रत्येक बारासाठी हाताने बोल्ट चालवावी लागणारी रायफल आणि चाप दाबून धरताच गोळ्यांचा वर्षाव करणारे शस्त्र यांतील अंतर या हल्ल्याने सर्वसामान्य नागरिकांपर्यंत पोहोचले. पोलिसांची शस्त्रे व गोळीबाराचा प्रत्यक्ष सराव हे दोन्ही विषय चर्चेत आले. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘फोर्स वन’ हे विशेष पथक स्थापन केले. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात या रायफलला औपचारिक निरोप दिला.

सद्यःस्थिती

कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात गस्त घालणाऱ्या ‘कॅनेडियन रेंजर्स’ या राखीव दलाने १९४० च्या दशकापासून २१ व्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत नंबर ४ हा प्रकार वापरला. तीव्र थंडीत खात्रीने चालणारी व ध्रुवीय अस्वलांपासून संरक्षणासाठी पुरेशी शक्तिशाली, अशी तिची तेथे ख्याती होती. तिच्या जागी आलेली सी-१९ ही रायफलही बोल्टचीच आहे. ब्रिटिश सैन्यात ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी रूपांतरित केलेला एल ४२ हा प्रकार १९७० पासून दूरवेधी नेमबाजांसाठी वापरात होता.

अफगाणिस्तानात १९८० च्या दशकात सोव्हिएत फौजांविरुद्ध मुजाहिदीन सैनिकांनी ही रायफल वापरली. डोंगराळ मुलखात लांब पल्ल्याच्या माऱ्यासाठी ती उपयुक्त ठरली. पाकिस्तानातील दर्रा आदमखेल येथील कारागीर तिच्या हातबनावटीच्या नकला दीर्घकाळ तयार करत आले आहेत. त्यांच्या धातूचा दर्जा अनिश्चित असल्याने त्या वापरणे धोक्याचे मानले जाते.

ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत माजी सैनिक, संग्राहक व नेमबाजी मंडळे यांच्यात ली-एनफिल्डला आजही मान आहे. जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धांत ती नियमितपणे दिसते. भारतात ती मुख्यतः संग्रहालयांत, लष्करी स्मारकांवर आणि कवायतीपुरत्या निकामी केलेल्या स्वरूपात पाहावयास मिळते.