सुंभ, पीळ आणि आरमाराचे प्रकरण

गेल्या पावसाळ्यात पायाचे हाड मोडले आणि सहा आठवडे घरात बसण्याची सक्ती झाली. उत्तरपत्रिका तपासून झाल्या, उशाशी ठेवलेली पुस्तके वाचून झाली, आणि एका दुपारी सहज चाळा म्हणून संगणकावर एक चित्रफीत पाहिली. केरळातील बेपूर येथे ‘उरू’ नावाचे प्रचंड लाकडी जहाज बांधणारे कारागीर तीत होते. त्यानंतर ओमानमधील सूर येथील गोद्या आल्या, नॉर्वेतील एकावर एक फळी चढवून बांधलेल्या होड्या आल्या. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून मी रोज दोन-तीन तास दुसऱ्यांचे हात काम करताना पाहत राहिले. त्यात निखळ आनंद होता, हे आधीच कबूल करते. पण त्या आनंदाला हळूहळू एक बोचरी कड येऊ लागली. तिच्याविषयी हे टिपण आहे.

गेली अनेक वर्षे मी पदव्युत्तर वर्गाला शिवकालीन आणि शिवोत्तर गद्य शिकवते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण आले, की गुराब, गलबत, तरांडे, शिबाड, मचवा असे शब्द फळ्यावर लिहायचे आणि प्रत्येकापुढे कोशातला अर्थ मांडायचा, ही माझी ठरलेली रीत. ‘एक प्रकारचे जहाज’, ‘एक प्रकारची होडी’. विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि परीक्षेत परत करतात. चित्रफिती पाहताना लक्षात आले, की यांपैकी एकही वस्तू कशी तयार होते हे मला ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नसल्याची खंतही कधी वाटली नव्हती.

मला सर्वांत जास्त खिळवून ठेवले ते शिवलेल्या जहाजांनी. आपण सांगाडा आधी आणि कातडे नंतर अशी कल्पना करतो. येथे उलटे घडते. कणा मांडल्यावर फळीला फळी काठोकाठ भिडवत जहाजाचे कवच प्रथम उभे राहते. आतल्या फासळ्या मागाहून येतात. फळ्यांच्या काठांशी जोडीजोडीने भोके पाडतात, सांध्यावर काथ्याची जाड वळकटी ठेवतात, आणि तिच्यावरून सुंभ ओवीत जातात. एक माणूस जहाजाच्या आत, दुसरा बाहेर. आतल्याने ओढायचे, बाहेरच्याने दांडक्याने पीळ देऊन आवळायचे, आणि पुढचा टाका पडेपर्यंत ताण सुटू नये म्हणून भोकात तात्पुरती खुंटी ठोकायची. शेवटी भोके बुजवायची आणि लाकडाला तेल पाजायचे. हा सुंभ तरी कोठला? नारळाची सोडणे कित्येक महिने खाऱ्या पाण्यात कुजवायची, मग बडवून धागा मोकळा करायचा आणि वळायचा. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण मी किती वेळा वापरली असेल. सुंभाला पीळ पडताना मात्र या सक्तीच्या विश्रांतीतच पाहिला.

या जहाजांविषयी लिहिणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात शिवलेल्या नावांचा उल्लेख येतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मुझ येथील नारळाच्या दोरीने शिवलेली जहाजे पाहिली आणि ती अगदी निकृष्ट ठरवली; त्यांपैकी बरीच बुडतात असे त्याने नोंदवले. चौदाव्या शतकातील इब्न बतूताचे मत नेमके विरुद्ध आहे. खडकावर आदळल्यास खिळ्यांचे जहाज फुटते, शिवलेले मात्र तग धरते, असे तो सांगतो. एकाच वस्तूविषयीची ही दोन मते. पहिल्याला लोखंडाचा अभाव दिसला, दुसऱ्याला दोरीचा लवचीकपणा. दोघेही प्रवासी होते. टाका घालणाऱ्याचे मत दोघांच्याही ग्रंथांत सापडत नाही.

आपल्याकडचे ग्रंथ तरी काय सांगतात? भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’मध्ये नौकांचे प्रकार आहेत, लांबी-रुंदीची मापे आहेत, आणि लाकडाची चक्क चार वर्णांत विभागणी आहे. हलके व मऊ ते ब्राह्मण, हलके व कठीण ते क्षत्रिय, असे हे वर्गीकरण. समुद्रातील चुंबकीय खडक जहाज ओढून घेतील म्हणून फळ्या लोखंडाने जोडू नयेत, असाही त्यात इशारा आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली भारतीय नौकानयनाच्या इतिहासात या ग्रंथाचा आधार घेतला, तेव्हापासून त्याचा उल्लेख सतत होत आला आहे. पण हा ग्रंथ हाती घेऊन कोणाला होडी बांधता येईल असे वाटत नाही. लाकडाला वर्ण देणारा पंडित आणि लाकूड तासणारा सुतार यांच्यात जे अंतर होते, तेच अंतर या पानांतही उतरले आहे. ज्यांना लिहिता येत होते ते जहाजे बांधत नव्हते. जे बांधत होते त्यांना लिहिण्याची गरज नव्हती, आणि बहुधा मुभाही नव्हती.

या पार्श्वभूमीवर १७१५ च्या सुमारास लिहिलेले आज्ञापत्र पुन्हा वाचले, तेव्हा त्याचे मोल नव्याने जाणवले. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, असे अमात्य सांगतात. आरमारासाठी सागवानादी झाडे हुजुरांच्या परवानगीने तोडावीत, अधिक लागल्यास लाकूड परमुलखातून विकत आणावे. पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. जहाज समुद्रावर दिसण्यापूर्वी ते कोणाच्या तरी परसात उभे असते, ही जाणीव या गद्याला आहे. लाकूड कोठून येते आणि त्यात कोणाचे अश्रू मिसळू शकतात, हे अमात्य जाणतात. ते लाकूड वाकते कसे, हे मात्र त्यांचा विषय नाही. राज्यनीतीच्या ग्रंथाकडून ती अपेक्षाही करू नये. चूक असलीच तर ती माझी, कारण ग्रंथात जे नाही ते इतिहासातही नाही, असे मी न बोलता शिकवत आले होते.

हे उणे भरून काढायचे तर कागदाला हाताकडे जावे लागते, याची काही उदाहरणे आहेत. १९८० साली टिम सेव्हरिन याने सूर येथे ‘सोहार’ नावाचे शिवलेले जहाज बांधून घेतले आणि १९८१ मध्ये ते चीनपर्यंत नेले. शिवणकामासाठी कारागीर आणावे लागले ते लक्षद्वीपमधून, लाकूड मलबारातून. १९९८ साली इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातील शिवलेले जहाज सापडले. त्याच्या आधारे ओमानमध्ये सुमारे १८ मीटर लांबीचे ‘ज्वेल ऑफ मस्कत’ बांधले गेले आणि २०१० मध्ये ते सिंगापूरला पोहोचले. आपल्या नौदलाचे ‘कौंडिण्य’ तर अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून घडले. आराखडा कोठेच नव्हता. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली गोव्यात ते शिवले गेले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले. अजिंठ्याच्या चित्रकाराने जहाज बाहेरून रंगवले होते. त्याची आतली बाजू दीड हजार वर्षांनी पुरवली ती टाका घालण्याची सवय असलेल्या बोटांनी. संशोधकांची सारी विद्वत्ता जमेस धरूनही, ही बोटे नसती तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच.

मग चित्रफीत हा नवा ग्रंथ मानावा काय? काही अंशी होय. आतल्या आणि बाहेरच्या माणसाचा ताल, दांडक्याचा कोन, खुंटी ठोकण्याचा क्षण, हे कोणत्याही बखरीत उतरले नसते. परंतु तिच्याही मर्यादा आहेत. सोडण कुजण्याचे महिने तिच्यात दोन सेकंदांत सरतात. दोरी किती ताणली म्हणजे पुरे, हे डोळ्यांना दिसत नाही. ते तळहाताला कळते. आणि कारागीर बोलू लागला, की बहुतेक वेळा त्याच्यावर निवेदकाचा आवाज चढतो. म्हणजे येथेही सांगणारा वेगळा आणि करणारा वेगळा. शिवाय शेजारी बसून चुकत शिकणारा मुलगा नसेल, तर उत्तमात उत्तम चित्रफीतही एका परीने मृत्युलेखच ठरते.

प्लास्टर निघाले, महाविद्यालय सुरू झाले. या वर्षी आरमाराचे प्रकरण शिकवताना फळ्यावर शब्द लिहिले, पण त्यांच्यापुढे अर्थ लिहिला नाही. वीतभर सुंभ वर्गात फिरवला, आणि तो उलगडून पुन्हा वळून दाखवण्यास सांगितले. कोणालाच जमले नाही, मलाही नाही. किनाऱ्यावरच्या गावातून आलेली एक विद्यार्थिनी मात्र म्हणाली, ‘मॅडम, माझ्या आजोबांना येतं. विचारून येऊ का?’ आज्ञापत्राचा पुढचा तास मी तिच्यासाठी राखून ठेवला आहे.