सोपाऱ्याचा शिलालेख, औषधी वनस्पती आणि हिमपर्वताची वाट

पालघर जिल्ह्यातील सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली नवव्याचाही सापडला. चौदा लेखांची संपूर्ण मालिकाच येथे कोरलेली असावी, असे विद्वान मानतात. त्यांतील दुसरा लेख आज आपणांस गिरनार येथे वाचता येतो. मनुष्य व पशू यांच्या चिकित्सेची व्यवस्था केली आणि औषधी वनस्पती, मुळे, फळे जेथे नव्हती तेथे आणून लावली, असे सम्राट त्यात सांगतो. विनयपिटकातील भेसज्जक्खंधकातही हळद, आले, वेखंड, पिंपळी, हिरडा यांची भिक्षूंना अनुज्ञा आहे.

मात्र विरळ हवेचा विकार वेगळा. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियानचा सहप्रवासी भिक्षू हुई-चिंग हिमपर्वतात तोंडाला फेस येऊन मृत्यू पावला. तो याच विकाराचा बळी असावा, असे वैद्यक अभ्यासकांचे अनुमान आहे.

बोईसर-तारापूरच्या सागरकाठावरून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहला जाणाऱ्या उपासकांनी हे ध्यानी घ्यावे, असे आम्हांस वाटते. आले-लसूण जरूर खावे, पण त्यावर विसंबू नये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या हिमालयातील चाचणीत गिंको वनस्पतीचा अर्क निष्प्रभ ठरला, तर ॲसिटाझोलामाइड हे औषध गुणकारी ठरले. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. सावकाश चढावे, विश्रांती घ्यावी, त्रास वाढताच खाली उतरावे.

अशोकाने वनस्पती लावल्या त्या करुणेपोटी. त्यांचा गुण पारखणे हे प्रज्ञेचे काम आहे.