चौकापासून चौकटीपर्यंत

भिवंडी म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें माग उभे राहतात, आणि तें यथार्थच आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून आग्रा रस्त्यानें जे मोमीन विणकर खालीं उतरले, त्यांतील कित्येक मालेगांवास राहिले व कित्येक थेट भिवंडीपर्यंत येऊन येथेंच स्थायिक झाले. या गांवीं विणलेलें कापड देशभर गेलें. त्याबरोबर व्यापाऱ्याचें नांव गेलें, विणणाराचें गेलें नाहीं. जवळच लोनाडचें बौद्ध लेणें आहे. त्यांत राजपरिवाराचें एक मोठें शिल्प आहे. तें कोरणारा पाथरवट कोण, हें सांगणारा आज कोणी नाहीं. कारागिराचें नांव बुडणें ही आपल्याकडील इतकी जुनी रूढि आहे कीं तिचें आपणांस कांहीं वाटेनासें झालें आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत याच ठाणें जिल्ह्यांत ती रूढि एकदां मोडली. ती कोणासाठीं मोडली व कोणासाठीं मोडली नाहीं, हें पाहण्याचा आमचा येथें विचार आहे.

भिवंडी तालुक्याच्या पाड्यांतून कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी यांच्या जोडीला वारली लोक राहतात. त्यांची दाट वस्ती मात्र येथून उत्तरेस, जव्हार, डहाणू, तलासरी या टापूंत आहे. हा सारा मुलूख १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच मोडत असे. आतां त्याचा निराळा पालघर जिल्हा झाला आहे.

वारल्यांच्या घरीं लग्न निघालें कीं कुडाची भिंत शेणामातीनें सारवून गेरूनें तांबडी करतात, आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या पाण्यानें चौक मांडतात. चौक 'काढला' असें न म्हणतां 'लिहिला' असें म्हणण्याची चाल आहे, आणि ती आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ज्यांच्या बोलीला स्वतःची लिपि नाहीं त्यांचें हें लेखन आहे. लेखणी म्हणजे टोंक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकाच्या मध्यभागीं पालघाट देवी, कडांस चंद्र, सूर्य, शिडी, फणी. शेजारच्या लहान चौकांत घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. माणूस म्हणजे टोंकाशीं टोंक जुळवलेले दोन त्रिकोण, त्यांवर वाटोळें डोकें आणि काडीसारखे हातपाय. इतक्या थोड्या रेषांतून नाचणाऱ्याची कंबर कशी लवते हें ज्यानें पाहिलें आहे, तो या कलेस बाळबोध म्हणणार नाहीं.

हा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. लग्न लावते तीही स्त्रीच. तिला धवलेरी म्हणतात. भगत देवास आवाहन करतो, परंतु भिंत आणि गीत हीं दोन्ही बायकांचीं. चौकावांचून लग्न लागत नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या लग्नासाठीं हा चौक लिहिला जाई, तें लग्नच वारल्याच्या गळ्याचा फांस होत असे. लग्नापुरतें कर्ज सावकार-जमीनदाराकडून घ्यावें आणि तें फिटेपर्यंत नवराबायकोनें त्याच्या घरीं राबावें, अशी पद्धति होती. अशा माणसास 'लग्नगडी' म्हणत. कर्ज सहसा फिटत नसे. जमीनदारांची वेठ निराळीच. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं किसान सभेनें १९४५ सालीं उंबरगांव-डहाणू भागांत या दोहोंविरुद्ध जो लढा उभारला, त्यांत ऑक्टोबर महिन्यांत तलवाडा येथें गोळीबार होऊन पांच माणसें पडलीं. जेठ्या गांगड हा त्यांतील एक. गोदावरीबाईंनीं ही सारी हकीकत आपल्या 'जेव्हां माणूस जागा होतो' या पुस्तकांत सांगितली आहे. आज दिवाणखान्यांतून वारली चित्रांतलीं नाचणारीं माणसें पाहून आपण त्यांच्या निरागस आनंदाचें कौतुक करतों. तो आनंद केवढ्या किंमतीस विकत घेतला जाई, हेंही त्या वेळीं मनांत असावें.

आतां मुख्य कथेकडे वळूं. भास्कर कुलकर्णी या नांवाचा एक मराठी चित्रकार होता. आपल्या लोकांस त्याचें नांव जितकें ठाऊक असावयास पाहिजे तितकें तें नाहीं. बिहारांत १९६६-६७ सालीं मोठा दुष्काळ पडला, तेव्हां अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाच्या पुपुल जयकर यांनीं त्यास मिथिलेंत पाठविलें. कोहबराच्या भिंतीवर तेथील बायका जीं चित्रें काढीत, तीं त्यांनीं कागदावर काढावीं व त्यांतून घरांत चार पैसे यावे, असा हेतु. पुढें सत्तरीच्या दशकाच्या आरंभीं हाच कुलकर्णी कागद घेऊन डहाणूकडे आला.

दोन मुलूख, दोहोंकडे भिंतीवरची कला, दोहोंकडे ती लग्नाशीं बांधलेली, दोहोंकडे ती बायकांच्या हातची, आणि कागद नेणारा माणूस एकच. फळ मात्र वेगवेगळें आलें. मिथिलेंतून जगदंबादेवी (पद्मश्री १९७५), सीतादेवी (१९८१), गंगादेवी (१९८४) अशीं स्त्रियांचीं नांवें वर आलीं. डहाणूकडून वर आलें तें गंजाड गांवच्या जिव्या सोमा मशे या पुरुषाचें.

जिव्याची योग्यता वादातीत आहे. लहानपणीं आई गेली, त्या आघातानें मुलाची वाचाच गेली आणि तो धुळींत रेघा ओढून मनांतलें सांगूं लागला, असें त्याच्याविषयीं सांगतात. एवढें खरें कीं लग्नकार्य नसतांही रोज चित्र काढणारा हा त्या पाड्यावरचा विलक्षण माणूस होता. १९७५ सालीं मुंबईंत शेमोल्ड गॅलरींत त्याच्या चित्रांचें प्रदर्शन झालें. ही गॅलरी म्हणजे जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावरील एक लहानशी जागा. तिचे चालक केकू गांधी यांचा मूळचा धंदा चित्रांच्या चौकटी बनविण्याचा. तेव्हां चौक चौकटींत बसला तो अगदीं अक्षरशः, असें म्हणावयास हरकत नाहीं! १९७६ सालीं जिव्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ सालीं पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या जागतिक प्रदर्शनांत त्याचीं चित्रें लागलीं, २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं तो वारला. मासेमारीच्या जाळ्याचें त्याचें चित्र पाहावें: हजारों बारीक रेघांची ती एक थरथर आहे, आणि तिच्यांत देवीचा चौक कोठेंही नाहीं.

आमच्या मतें मर्म येथेंच आहे. सवाशिणीचें लेखन विधीला बांधलेलें होतें. तिला पालघाट लिहिण्याचा अधिकार होता, परंतु तो लग्नाच्या भिंतीपुरता. जिव्यास तो अधिकार नव्हता, आणि म्हणूनच बंधनही नव्हतें. कागदावर जाळें, तारपा, कापणी, मुंग्यांचें वारूळ, काय वाटेल तें काढण्यास तो मोकळा होता. शिवाय मुंबईस जाणें, साहेबांशीं बोलणें, आठ दिवस घर सोडणें हें पुरुषास साधतें; पाणी भरणाऱ्या, भात लावणाऱ्या बाईस तें कसें साधावें? हें आमचें अनुमान आहे. मिथिलेंतील स्त्रियांस हें कसें साधलें, असा प्रश्न कोणी केल्यास आमचें उत्तर एवढेंच कीं तेथें कागद प्रथम बायकांच्याच हातीं दिला गेला व प्रथम त्यांच्याच चित्रांचे पैसे झाले.

जिव्यामागून डहाणूच्या पाड्यांतील पुष्कळ पुरुषांनीं ही कला धरली. तिजवर आतां संसार चालतात, आणि सावकाराच्या दारीं जाण्यापेक्षां तें शतपटींनीं बरें. स्त्रियाही आतां कागदावर काढतात. पण गॅलरी ज्या भिंतीवरून जन्मली, ती भिंत लिहिणारीचें नांव चौकटीखालीं आलें नाहीं. एका गुणी माणसाचा मान कमी न करतांही ही उणीव दाखवितां येते.

ज्या बायकांनीं सत्तरीच्या दशकांत तरुणपणीं चौक लिहिले, त्या आज सत्तर-ऐंशीच्या घरांत आहेत. भिवंडी, वाडा, डहाणू येथील महाविद्यालयांतून इतिहास शिकविणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनीं एका उन्हाळ्याच्या सुटींत विद्यार्थी बरोबर घेऊन पाड्यापाड्यांवर जावें, आणि अमुक सालच्या अमुक घरच्या लग्नाचा चौक कोणी लिहिला हें त्या म्हाताऱ्यांस विचारून टिपून ठेवावें. ज्या संग्रहांत जुन्या कागदाखालीं नुसतें 'वारली, ठाणें जिल्हा' एवढेंच लिहिलें असेल, तेथील अधिकाऱ्यांनीं त्या कागदांच्या नकला विद्यार्थ्यांबरोबर द्याव्या. हात ओळखणाऱ्या बायका अजून आहेत.